मारबत फुकटात, 'अंतरीचा योद्धा' साडेसात हजारात

वर्धारोडवाला (रात्री ८:१२)

काल मारबत झाली. आवाज अजून कानात आहे तोवर हा धागा टाकतो. लांबेल, आधीच सांगून ठेवतो.

दोन आठवड्यांपूर्वी ऑफिसने आम्हा बारा जणांना वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या कार्यशाळेला धाडलं. विषय होता पुराणकथा, आदिबंध आणि 'तुमच्या अंतरीचा योद्धा'. माणशी साडेसात हजार. शिकवणाऱ्या बाई बोलायच्या छान, खोटं कशाला सांगू. आधी साठ प्रश्नांची चाचणी झाली, मग प्रत्येकाच्या हाती पुठ्ठ्याचं एक कार्ड पडलं. योद्धा, राजा, विदूषक, जादूगार वगैरे बारा प्रकार. मी 'पालनकर्ता'. आमचा अकाउंट्सवाला तीन-तीन महिने बिलं अडवून बसतो, तो निघाला 'मुक्त प्रवासी'.

शेवटच्या सत्रात 'विसर्जन'. आयुष्यातून जे जायला हवं ते कागदावर लिहायचं आणि तांब्याच्या वाटीत जाळायचं. दिवे मंद केले, बासरी लावली, आणि तेवढ्यात हॉटेलचा माणूस दार ढकलून आत आला. मॅडम, धूर नाही चालणार, वर स्प्रिंकलर आहेत. दहा मिनिटं कुजबुज चालली. मग रिसेप्शनवरून कागद फाडायचं श्रेडर आणलं. आम्ही बारा जण रांगेत उभे राहिलो आणि आपापलं दुःख त्याच्या तोंडी घातलं. चौथ्याच्या वेळी ते अडकलं. त्याने दोन पानं लिहिली होती.

तेव्हा हसलो. घरी येताना छत्रपती चौकाच्या सिग्नलला मात्र एकदम उदास वाटलं, कारण माझ्या कागदावर जे होतं ते खरं होतं.

आता काल. नागपुरात जन्मून मी दहावीनंतर मारबत पाहिलेली नव्हती. मित्र जागनाथ बुधवारीत राहतो, त्याने ओढून नेलं. (बाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. बांबू-कागदाच्या बायकांचे अवाढव्य पुतळे. सोबत बडगे, म्हणजे त्या-त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे: महागाई, भ्रष्टाचार, एखादा पुढारी. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते आणि शेवटी सगळं जाळतात.)

गर्दीत माझ्या शेजारी साठीची एक बाई उभी होती. हातातल्या कापडी पिशवीतून दोडके डोकावत होते. काळी वळणावर दिसली आणि सगळा रस्ता ओरडला, 'ईडा पीडा, खाशी खोकला घेऊन जा गे मारबत!' त्याच चालीवर, त्याच आवाजात ही बाई ओरडली, 'माह्या पोराची दारू घेऊन जा गे मारबत!' एकदा नाही, तीनदा. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढच्या पोट्ट्यांनी तेवढं उचललं आणि पाच-सहा जण 'दारू घेऊन जा गे मारबत' करत नाचायला लागले. बाईने पदराने तोंड पुसलं, पिशवी सावरली आणि निघून गेली.

मी देव मानत नाही. मारबतीत काही शक्ती आहे असंही मानत नाही. पण त्या बाईचं काल तिथे काहीतरी झालं, आणि श्रेडरपाशी आमच्यातल्या एकाचंही काही झालं नाही. कोणी सांगेल का, काय झालं?

अनुस्वार (रात्री ८:५५)

आधी एक दुरुस्ती. ते बारा कार्डांचं प्रकरण युंगच्या नावावर खपवतात, पण मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने (१८७५–१९६१) अशी बारांची यादी केली नव्हती आणि चाचणी तर नाहीच. ती वाटणी पुढे अमेरिकेत झाली आणि जाहिरातवाल्यांनी उचलली. युंगचं म्हणणं असं की माणसांच्या नेणिवेत काही साचे सामाईक असतात. आई, म्हातारा ज्ञानी, छाया. साचा रिकामा असतो. त्यात काय ओतलं जाईल ते गाव ठरवतं, काळ ठरवतो. त्यामुळे 'तू पालनकर्ता' असं कोणाला सांगणं म्हणजे रिकामी कढई हातात देऊन जेवण झालं म्हणण्यासारखं.

मारबत म्हणजे त्याच्या भाषेतली छाया. आपल्यातलं जे आपल्याला नको असतं त्याला हातपाय देऊन रस्त्यावर उभं करायचं. पण मला त्याहून गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. काळी मारबत कोण, हे चार नागपूरकरांना विचारा. दोघे म्हणतील बाकाबाई, भोसल्यांच्या घरातली, इंग्रजांना मिळालेली. दोघे म्हणतील पूतना, कृष्णाने मारल्यावर गोकुळाने तिला गावाबाहेर नेऊन जाळलं ती. आता भंडारा-गोंदियाकडच्या खेड्यात जा. तिथे बाकाबाई कोणाला ठाऊक नाही. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या लावतात, दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उपटून 'घेऊन जा गे नारबोद' म्हणत शिवेबाहेर नेतात. भर पावसाळा, माश्या, डास, ताप, गुरांचे रोग. गावाबाहेर काढायला हवं असं पुष्कळ काही असतं त्या दिवसांत.

म्हणजे करणं आधीचं, कथा मागाहून बसवलेली. रॉबर्टसन स्मिथ नावाच्या स्कॉटिश अभ्यासकाने हे १८८९ मध्ये मांडलं की जुन्या धर्मांत विधी पक्का असतो आणि त्याची गोष्ट बदलत राहते. तेव्हा आपली पिवळी मारबत चार वर्षांची होती!

तुमच्या कार्यशाळेत उलटं झालं. कथा भरपूर, करायला श्रेडर.

रिकामटेकडा (रात्री ९:०३)

आणि ध्वनिप्रदूषण? थर्माकोलचे बडगे? सेंट्रल अव्हेन्यूवर दीड तास अडकलो होतो काल. माझी छाया स्कूटरवर बसून घामाने भिजली. 'ट्रॅफिक घेऊन जा गे मारबत' असं कोणी ओरडलं असेल तर तो मीच.

निळी_पहाट (रात्री ९:४०)

वर्धारोडवाला, लिहिलंय छान. पण तुमच्या धाग्यात एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे आणि कोणी बोलत नाहीये. गावाची घाण जिच्या डोक्यावर लादून जाळायची ती दर वेळी बाई का? आणि काळीच का?

बाकाबाईचंच घ्या. १८१७ मध्ये इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई हरली ती नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या फौजेने. पुढे गादीवर आलेले तिसरे रघुजी लहान, बाकाबाई त्यांची पालक, आणि राज्य खरं चालवत होता इंग्रजांचा रेसिडेंट (दरबारातला प्रतिनिधी) जेन्किन्स. १८५३ मध्ये रघुजी वारले, १८५४ मध्ये डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केलं. वाड्यातले हत्ती, घोडे, दागिने लिलावात निघाले, तेव्हा ही म्हातारी जिवंत होती. १८५७ मध्ये तिने घरच्यांना उठावापासून आवरलं असं सांगतात. असेल. पण इंग्रजांपुढे वाकलेले पुरुष सरदार काय कमी होते? त्यांचा बडगासुद्धा नाही, आणि ही दीडशे वर्षं जळतेय. तुम्ही याला आदिबंध म्हणा. घरभेदी बाई हा साचा फार सोयीचा आहे एवढं मला कळतं.

माझी आजी १९५६ साली १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर होती. पांढरं लुगडं घ्यायला तिने कानातली फुलं मोडली. परत आल्यावर देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि विहिरीत सोडून दिले. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच अशी की ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही. आमच्या घरात मिथक या शब्दाला वास येतो तो उगीच नाही. रामटेकला तुम्ही सगळे कालिदासाचं स्मारक पाहायला जाता, यक्षाच्या मेघाचे फोटो काढता. त्याच गडावर धूम्रेश्वराचं देऊळ आहे. तप केलं म्हणून रामाने शूद्र शंबूकाला मारलं ते इथेच, असं स्थानिक कथा सांगते. तिथे कोणी फोटो काढत नाही.

वर्धारोडवाला (रात्री ९:५८)

ताई, बाईचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. खरंच नव्हता.

पण एक विचारतो, राग मानू नका. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात, पांढरे कपडे घालून, रात्र-रात्र उघड्यावर झोपून. तो विधी नव्हे का? त्यामागे कथा नाही का?

निळी_पहाट (रात्री १०:२१)

राग कशाला. आहेच कथा. फरक एवढाच की आमची कथा कोणी घडवली, का घडवली, ते आम्हाला माहीत आहे.

दोन उदाहरणं देते. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. बाबासाहेबांनी धम्मावरच्या ग्रंथात ती साफ नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कसं पटावं? त्यांनी मांडलं ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यातलं भांडण. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यापायी घर सोडलं. रथातून दुःख पाहणारा राजपुत्र जाऊन पाणीवाटपाच्या तंट्यात उभा राहिलेला माणूस आला. विदर्भातल्या शेतकऱ्याला यातलं कोणतं कळेल ते मी सांगायला नको.

दुसरं, दीक्षेसाठी नागपूरच का? तेव्हा लोक म्हणत होते की संघ इथला, म्हणून. १५ ऑक्टोबरच्या भाषणात त्यांनी ते खोडून काढलं आणि सांगितलं की ही नाग लोकांची भूमी, बुद्धाचा धम्म पसरवणारे ते. नागांचा संहार झाला, अगस्ती मुनीने एकाला वाचवलं, आपण त्याचे वंशज, ही पुराणातली कथासुद्धा त्यांनी त्याच भाषणात घेतली. एवढा कठोर बुद्धिवादी माणूस, पण लोकांना कणा द्यायचा तेव्हा कथेला हात घातला. मी यावर बरीच वर्षं विचार करतेय, आणि अजून माझं पक्कं ठरलेलं नाही. नाग नदीच्या पुलावरून रोज ऑफिसला जाते. खाली काळं पाणी वाहतं, आणि तरी नाव वाचलं की मान थोडी ताठ होते.

इतवारी_काका (रात्री १०:४५)

नातवाच्या मोबाईलवरून लिहून राह्यलो, चुकलं त समजून घेजा.

मी पिवळीच्या कामात लहानपणापासून. आमच्या तऱ्हाणे तेली समाजाची मारबत थे, १८८५ पासून निघते. काळी तिच्याहून चार-पाच वर्सं जुनी. तुमी सारे काळीचंच बोलून राह्यले, पिवळीचं कोनी काही बोलेना. पिवळी वाईट नाही ना बापा! थे राखनदारीन. तिच्यापुढं बाया नारळ फोडते, नवस बोलते. आन् काळीच्याही पाया पडतेच लोक. मिरवनुकीत 'घेऊन जा' म्हनून शिव्या घालनारा मानूस सकाळी तिलेच हात जोडून आलेला असते, मी डोळ्यानं पाह्यतो दरवर्सी. त्या ताईनं इचारलं तिले काऊन जाळता. पुस्तकातलं मले नाही येत. पन जे आपलं समदं घेऊन जाते तिले दुश्मन कसं म्हनाव?

काम लई आस्ते. बांबूच्या कमच्या, सुतळी, मंग कागदावर कागद, खळ लावून. वाळलं का रंग. डोळे सगळ्यात शेवटी. डोळे काढेपर्यंत पोट्टे तिच्या मांडीवर बसून चिवडा खाते, इकडून तिकडं उड्या मारते. डोळे झाले का कोनी बसत नाही. कोनी सांगत नाही त्याईले, आपोआपच उतरते खाली.

अनुस्वार (रात्री १०:५२)

काका, तुमचे ते शेवटचे तीन वाक्य. मी तीस वर्षं मिथकांवर वाचतोय.

कोयतूर (रात्री ११:१०)

वाचतोय मघापासून. थोडं आमच्या, गोंडांच्या बाजूचं.

गोंदिया जिल्ह्यात सालेकसाजवळ कचारगड आहे, माघ पौर्णिमेला जत्रा भरते. आमची कथा अशी की तिथल्या गुहेत मुलं कोंडली होती. पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगोमाय त्यांना सोडवायला गेले. हिरासुका पाटालीरने किंगरी (तारांचं वाद्य) वाजवली, त्या सुरांनी दारावरचा दगड हलला, मुलं बाहेर आली, आणि हिरासुका त्याच दगडाखाली गेला. लिंगोने पुढे त्या मुलांची गोत्रं बांधली, लग्नाचे नियम घालून दिले. आजही आमच्यात सोयरीक जुळवताना किती देवांचे, म्हणजे किती देव पुजणाऱ्या कुळातले, ते आधी विचारतात. चार, पाच, सहा, सात. गोष्टच आमचा कायदा आहे.

कॉलेजात सरांनी लिंगोला 'संस्कृतिनायकाचा आदिबंध' म्हटलं होतं. चांगल्या मनानेच म्हणाले. पण तुमचा जो आदिबंध तो आमचा पूर्वज. आता दसरा येईल, चौकाचौकांत रावण उभा राहील, आणि आमची मंडळी दरवर्षीसारखी निवेदनं देतील की जाळू नका, आम्ही त्याला मानतो. निवेदनावर शिक्का मारून पोच मिळते. रावण जळतोच.

निळी_पहाट ताई, तुमचा 'बाईच का' वाचला तेव्हा मला हेच आठवत होतं.

मनोवेध (रात्री ११:३४)

समुपदेशनाच्या कामात पंधरा वर्षं आहे, म्हणून थोडं पाणी ओततो.

त्या बाईला काल जे मिळालं ते खरं आहे. दारुड्याच्या आईला सगळ्यात जास्त खातं ती लाज. गेटपाशी शेजारीण भेटली तरी ती विषय बदलते. काल तिने तो शब्द हजार लोकांत मोठ्याने उच्चारला आणि आभाळ कोसळलं नाही, उलट चार पोरांनी साथ दिली. माझ्याकडे एखाद्या आईच्या तोंडून तो शब्द यायला तीन-तीन भेटी जातात. चालीत आणि गर्दीत म्हणता येतं, खुर्चीत बसून म्हणता येत नाही. श्रेडरपाशी तुम्ही रांगेत एकेकटे होता आणि कागदाची घडी घातलेली होती. वर्धारोडवाला, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच.

पण पोराची दारू आज सकाळी तिथेच आहे. त्याला औषध लागेल, मनाने एकदम सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते, हे कोणीतरी तिला सांगायला हवं. माझ्याकडे लोक येतात ते तीन बाबा आणि दोन मांत्रिक करून. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे म्हणून मारझोडीची प्रकरणं निदान पोलिसांत जातात.

आणि उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी फारच शहाणा दिसेन. सुफी संत ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. लोक तिथेच दर्शनाला यायला लागले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर काढलं आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यावर आणलं. ज्या घराण्यातल्या बाईची मारबत केली, त्याच घराण्याने वेडा ठरवलेल्या माणसाला घरी आणलं! आज ताजबागेत, त्यांच्या दर्ग्यावर, सगळ्या धर्मांची माणसं चादर चढवतात. त्या काळी त्या इस्पितळात मी नोकरीला असतो तर फाईलवर काय लिहिलं असतं, हा प्रश्न मला अधूनमधून झोपू देत नाही.

रिकामटेकडा (रात्री ११:४१)

मघाशी थट्टा केली, पण मनोवेध यांचं वाचून आईची आठवण झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती जुना झाडू आणि फुटकं मडकं घराबाहेर नेऊन टाकायची आणि पुटपुटायची काहीतरी. आम्ही झोपल्याचं सोंग घ्यायचो. काय म्हणायची ते कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

काल ट्रॅफिकवर ओरडलो ते मात्र खरं आहे. मागच्या रिक्षावाल्याने साथ पण दिली.

निळी_पहाट (रात्री ११:५५)

काका, तुमचं दोनदा वाचलं. 'जे आपलं समदं घेऊन जाते तिले दुश्मन कसं म्हनाव.' मला अजून पटत नाही. घेऊन जाणारी बाई आणि जाळणारे पुरुष, हे मला तरीही टोचतं. आमच्या वस्तीत मैला वाहून नेणाऱ्या बायकांचेही लोक दिवाळीला पाया पडायचे, दुसऱ्या दिवशी सावली टाळायचे. पाया पडण्यावर माझा भरवसा नाही.

एक विचारू? डोळे कोण काढतं? बाई की माणूस?

इतवारी_काका (रात्री १२:०६)

आजवर माणसंच. बाया खळ शिजवते, कागद फाडून देते. ब्रश काऊन नाही देला कोनी त्याईले, थे आज तुमी इचारलं तवा डोक्यात आलं. नातवानं वाचून दाखवलं त सूनबाई सैपाकघरातून हासली.

मैल्याचं बोललं थे खरं हाय. त्याच्यावर मी काही बोलत नाही.

पुढच्या वर्सी येजा. पंधरा दिवस आधी काम चालू होते. ब्रश मी देतो, बाकीच्याईशी मी बोलतो. येताना जुने पेपर आनजा, कागद कमीच पडते.

निळी_पहाट (रात्री १२:११)

येईन. पण काळीचे डोळे काढायचे आहेत मला, पिवळीचे नाही.

इतवारी_काका (रात्री १२:१५)

काळी आमची नाही ना बाई! तिकडच्याईले इचाराव लागन. इचारतो. पयले पिवळीवर हात बसवा.

वर्धारोडवाला (रात्री १२:१९)

काका, मीही येतो. आमच्या ऑफिसात श्रेडरचा कागद पोत्यांनी पडलेला असतो, फेकूनच देतात. तो चालेल का?

इतवारी_काका (रात्री १२:२४)

चालते. पन बारीक चुरा नको, लांब पट्ट्या पाह्यजेन. आन् पिना काढून आनजा, बोटात घुसते.